फायनल नसलेली स्पर्धा: बुंडेसलिगाचा पहिला हंगाम कसा पाहावा

सांगलीच्या मामाला मी बुंडेसलिगाची, म्हणजे जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगची, गोडी लावायला घेतली होती. तीन शनिवार तो निमूट बसला. चौथ्या शनिवारी त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे रे, पण फायनल कधी असते?"

फायनल नसते हे ऐकल्यावर त्याचा चेहरा लग्नाला बोलावून पंगतच न वाढल्यासारखा झाला. त्याचंही बरोबर होतं. आपण विश्वचषक आणि आयपीएलवर वाढलेली माणसं. गट, बाद फेरी, उपांत्य, अंतिम अशी चढण नसेल तर नेमकं बघायचं काय, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. फुटबॉलचा विश्वचषक चार वर्षांतून एकदा रात्र जागून पाहणारे कितीतरी लोक लीगच्या वाटेला म्हणूनच जात नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण जर्मनीचं घेतलंय. एक तर तिथले सामने आपल्याकडे झोपमोड न करता पाहता येतात. दुसरं म्हणजे २०२३-२४ चा तिथला हंगाम शिकायला इतका सोयीचा आहे की मुद्दाम लिहून काढला असावा असं वाटतं.

पायरी १: आकडेमोड उरकून घ्या

१८ संघ. प्रत्येक संघ बाकीच्या १७ जणांशी दोनदा खेळतो, एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा त्यांच्याकडे जाऊन. म्हणजे ३४ फेऱ्या, एकूण ३०६ सामने. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलात तर शून्य. ऑगस्टमध्ये सुरुवात, मे महिन्यात शेवट. ३४ व्या फेरीनंतर जो पहिला, तो विजेता. त्याला चषकाऐवजी चांदीची भलीमोठी थाळी मिळते. तिच्यावर आजवरच्या विजेत्यांची नावं कोरलेली असतात आणि जर्मन लोक तिला प्रेमाने सॅलडचं भांडं म्हणतात.

झालं, नियम संपले. ऑफसाइड वगैरे सामने पाहता पाहता समजतं, त्यासाठी अडून राहू नका.

पायरी २: गुणतालिका वाचायला शिका

लीगचा खरा खेळ गुणतालिकेत चालतो. नवखा माणूस तालिका वरून खाली वाचतो आणि तिसऱ्या नावावर थांबतो. तसं करू नका. तालिकेचे तीन तुकडे पाडा.

वरचा तुकडा विजेतेपदाचा आणि चॅम्पियन्स लीगचा. पहिल्या चार संघांना पुढच्या वर्षी युरोपातल्या त्या सर्वांत श्रीमंत स्पर्धेत जागा मिळते. २०२३-२४ मध्ये युरोपीय स्पर्धांतल्या जर्मन संघांच्या कामगिरीमुळे पाचवी जागाही मिळाली आणि पाचवा आलेला डॉर्टमुंड आत गेला. त्याखाली युरोपा लीग आणि कॉन्फरन्स लीग या धाकट्या स्पर्धांच्या जागा. सर्वांत खाली मरणाची रांग: १७ वा आणि १८ वा संघ थेट दुसऱ्या श्रेणीत जातो, तर १६ व्याला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. तिच्याकडे शेवटी येऊ.

आता २०२३-२४ ची अंतिम तालिका डोळ्यांसमोर आणा. लेव्हरकुसेन ९०, स्टुटगार्ट ७३, बायर्न म्युनिक ७२, लाइपझिग ६५, डॉर्टमुंड ६३. त्यानंतर सहावा फ्रँकफुर्ट थेट ४७ वर. पाचव्या आणि सहाव्यामध्ये १६ गुणांची दरी! आणि तिथून खाली सहाव्यापासून सोळाव्यापर्यंतचे अकरा संघ मात्र अवघ्या १४ गुणांत कोंबलेले. या अकरांतला कुठलाही संघ सलग चार सामने जिंकला तर युरोपची स्वप्नं पाहू लागतो, आणि सलग चार हरला तर त्याच्या प्रशिक्षकाची नोकरी धोक्यात येते. मला विचाराल तर लीगची खरी मजा या गर्दीत आहे. वरच्या दोन-तीन संघांबद्दल वर्तमानपत्र सांगतंच.

गुण सारखे झाले तर गोलफरक बघतात: केलेले गोल वजा खाल्लेले गोल. हे आपल्या नेट रनरेटचंच भावंड आहे, फक्त कॅल्क्युलेटर लागत नाही. तोही सारखा निघाला तर ज्याने जास्त गोल केले तो वर. हा बारीकसारीक हिशेब वाटतो, पण त्याने माणसं रडलेली आहेत. २०२२-२३ मध्ये बायर्न आणि डॉर्टमुंड दोघांचे ७१ गुण झाले. डॉर्टमुंडला शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर माइन्झला हरवलं की पुरे होतं, सामना सुटला २-२ ने. तिकडे कोलोनमध्ये बायर्नच्या जमाल मुसियालाने ८९ व्या मिनिटाला गोल केला, आणि गोलफरकावर थाळी सलग अकराव्यांदा म्युनिकला गेली. पुढच्याच वर्षी हायडेनहाइम, ब्रेमेन आणि फ्रायबुर्ग या तिघांचे ४२-४२ गुण झाले. हायडेनहाइमचा गोलफरक उणे ५, ब्रेमेनचा उणे ६. त्या एका गोलावर जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या गावातला, पहिल्यांदाच अव्वल श्रेणीत आलेला क्लब आठवा आला आणि युरोपात खेळायला गेला. म्हणून संघ ०-३ ने मागे असतानाही ८८ व्या मिनिटाला जिवाच्या आकांताने धावणारा खेळाडू दिसला तर हसू नका.

तालिकेत आणखी एक रकाना असतो, खेळलेले सामने. तो न पाहता मत बनवू नका. २ डिसेंबर २०२३ ला म्युनिकमध्ये इतका बर्फ पडला की बायर्न आणि युनियन बर्लिन यांचा सामना रद्द करावा लागला, तो पार २४ जानेवारीला खेळवला गेला. मधले सात-आठ आठवडे बायर्न तालिकेत दिसत होता त्यापेक्षा लेव्हरकुसेनच्या जवळ होता.

पायरी ३: संघ निवडा, आणि निवडला की बदलू नका

तटस्थ राहून विश्वचषक पाहता येतो, लीग नाही. ३४ आठवडे टिकायचं तर कुणीतरी आपलं लागतं. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे पेठ ठरली की तालीम ठरली आणि तालीम ठरली की संघ ठरला. बाकीच्यांनी काहीतरी धागा शोधावा.

नात्याचा धागा सर्वांत चिवट. आज पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आहे. माझा आतेभाऊ स्टुटगार्टला आहे, म्हणून माझा संघ स्टुटगार्ट. विचार केला नाही, तुलना केली नाही. नंतर कळलं की मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, तेव्हा उगाच बरं वाटलं. चाकणला फोक्सवागेनच्या कारखान्यात कुणी असेल तर वोल्फ्सबुर्ग हा क्लब त्याच कंपनीचा आहे. पण खरं सांगायचं तर वोल्फ्सबुर्गच्या प्रेमात पडणं जरा कष्टाचं काम आहे.

धागा नसेल तर स्वभावावर जा. गर्दी आणि आवाज हवा असेल तर डॉर्टमुंड. त्यांच्या दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये सुमारे २५ हजार माणसं उभी राहून सामना पाहतात, पिवळी भिंत म्हणतात तिला. हट्टी, गरिबीतून वर आलेलं काही आवडत असेल तर युनियन बर्लिन. त्यांच्या मैदानाची डागडुजी २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी स्वतः राबून केली. छोटं गाव हवं असेल तर हायडेनहाइम, जिथे फ्रँक श्मिट हा एकच माणूस २००७ पासून प्रशिक्षकपद सांभाळत आलाय. इतरत्र प्रशिक्षक इतक्या वेळा बदलतात की नावं पाठ करण्यात अर्थ नसतो.

बायर्न? निवडा की, कोण अडवतंय. पण पहिल्या हंगामासाठी नको असं मी म्हणेन. जो संघ ३४ पैकी बहुतेक सामने जिंकतोच, तो पाहताना हरण्याची सवय लागत नाही, आणि ती सवय लागल्याशिवाय जिंकण्याची चव कळत नाही.

क्लबांच्या नावांतले आकडे पाहून गोंधळू नका. माइन्झ ०५, शाल्क ०४, हानोव्हर ९६ हे आकडे म्हणजे स्थापनेचं वर्ष: १९०५, १९०४, १८९६.

पायरी ४: घड्याळ जुळवा

मराठी माणसासाठी बुंडेसलिगाची सर्वांत मोठी सोय हीच. शनिवारचे बहुतेक सामने जर्मनीत दुपारी साडेतीनला एकत्र सुरू होतात. उन्हाळी वेळ चालू असताना तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ७ वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात, मग मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत तोच सामना आपल्याकडे ८ ला. शनिवारचा मुख्य सामना १० किंवा ११ वाजता. शुक्रवारचा एकुलता सामना मात्र मध्यरात्री १२ ला, हिवाळ्यात १ ला. रविवारचे ७ आणि ९ ला, हिवाळ्यात ८ आणि १० ला, आणि कधीकधी आणखी एक उशिराचा. घड्याळ बदलण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दर वर्षी मार्चच्या अखेरीस मी ८ वाजता टीव्ही लावतो आणि मध्यंतर झालेलं असतं.

भारतातल्या प्रक्षेपणाचे हक्क हात बदलत असतात. जुन्या माहितीवर विसंबू नका. ऑगस्ट उजाडला की ते यंदा कोणत्या वाहिनीवर किंवा अ‍ॅपवर आहेत हे पाहून मगच वर्गणी भरा.

दर आठवड्याला नऊच्या नऊ सामने पाहायचे नसतात, हेही सांगून ठेवतो. पहिल्या उत्साहात लोक तेच करतात आणि ऑक्टोबरपर्यंत थकतात, शिवाय घरात भांडणं होतात ती वेगळीच. आपल्या संघाचा एक सामना पूर्ण, शनिवारचा मुख्य सामना जमला तर, बाकीच्यांचे गोल दुसऱ्या दिवशी. जर्मनीत रेडिओ आणि टीव्हीवर "कॉन्फरेन्झ" नावाचा प्रकार असतो. एकाच प्रक्षेपणात सगळ्या मैदानांवर उड्या मारत राहायचं, गोल झाला की तिकडे धाव. मिळाला तर एकदा जरूर अनुभवा. पाच निवेदक एकमेकांना तोडून ओरडत असतात आणि भाषा न कळताही सगळं कळतं.

पायरी ५: हंगामाची चाल ओळखा

दहा महिन्यांच्या या प्रवासाला स्वतःचे ऋतू आहेत.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कशावरही विश्वास ठेवू नका. खेळाडूंची खरेदी-विक्री अजून चालू असते आणि संघ पुरते जुळलेले नसतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बायर्नने हॅरी केन या इंग्लिश स्ट्रायकरला लंडनहून सुमारे १० कोटी युरोंना आणलं, तेव्हा हंगाम सुरू होण्याआधीच संपला असं सगळ्यांनी जाहीर करून टाकलं. केनने ३६ गोल केले, शब्द पाळला. संघ तिसरा आला.

डिसेंबर-जानेवारीत १७ फेऱ्या पूर्ण होतात आणि अर्धा हंगाम सरतो. त्या वेळी जो पहिला, त्याला शरदाचा विजेता म्हणतात. या पदवीला काहीही मिळत नाही, पण चर्चा भरपूर होते. त्याच सुमारास थंडीची सुट्टी येते, आणि जानेवारीत खरेदीची खिडकी पुन्हा थोडी उघडते. कार्डांचा हिशेब ठेवायची सवय इथपासून लावा. पाचवं पिवळं कार्ड मिळालं की पुढच्या सामन्याला खेळाडू बाहेर, आणि मोठ्या सामन्याआधी कुणाची चार झालीत हे माहीत असणं म्हणजे अर्धी जाणकारी.

फेब्रुवारी ते एप्रिल हा सर्वांत कठीण काळ. लीग, जर्मन कप आणि युरोप तिन्हीकडे खेळणारे संघ आठवड्यात दोन-दोन सामने खेळतात. मधल्या वारी सामना असलेल्या आठवड्याला जर्मन लोक "इंग्लिश आठवडा" म्हणतात. मंगळवारी किंवा बुधवारी युरोपात थकून आलेला बलाढ्य संघ शनिवारी तळाच्या संघाकडून मार खातो तो याच काळात. ६ एप्रिल २०२४ ला बायर्न हायडेनहाइममध्ये २-० ने पुढे होता आणि २-३ ने हरला. त्यानंतरच्या मंगळवारी त्यांचा लंडनमध्ये आर्सेनलशी सामना होता. डोकं तिकडे, पाय इकडे.

आता लेव्हरकुसेनची गोष्ट सांगायला हवी, कारण ३४ फेऱ्यांचं गणित म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणी शिकवत नाही. बायर या औषध कंपनीच्या कामगारांनी १९०४ मध्ये काढलेला हा क्लब. १२० वर्षांत लीग एकदाही जिंकलेली नव्हती. २००२ मध्ये तर तीन फेऱ्या उरल्या असताना ते ५ गुणांनी पुढे होते. लीग गेली, कपची फायनल गेली, चॅम्पियन्स लीगची फायनलही गेली. तेव्हापासून जर्मनीभर त्यांना "व्हीत्झेकुसेन", म्हणजे कायमचे उपविजेते, म्हणून चिडवायचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ८ सामन्यांत ५ गुण मिळवून ते सतराव्या स्थानावर होते. तेव्हा शाबी अलोन्सो हा स्पॅनिश प्रशिक्षक आला, ज्याने वरच्या श्रेणीतला संघ तोवर कधी सांभाळलेला नव्हता.

पुढच्या हंगामात हा संघ हरलाच नाही. २८ विजय, ६ बरोबऱ्या, ८९ गोल केले, २४ खाल्ले. बुंडेसलिगात पूर्ण हंगाम अपराजित राहणारा हा पहिला संघ. पण नवख्यांनी पाहावं ते वेगळं. १३ जानेवारीला ऑग्सबुर्गमध्ये भरपाई वेळेत गोल, १-०. पुढच्याच शनिवारी लाइपझिगमध्ये पुन्हा भरपाई वेळेत, ३-२. ३० मार्चला हॉफेनहाइमविरुद्ध ८८ व्या मिनिटापर्यंत ०-१ ने मागे आणि शेवटी २-१. कुणी याला नशीब म्हणेल. मला वाटतं, प्रत्येक शनिवारचे ३ गुण सारख्याच वजनाचे आहेत हे या संघाला बाकीच्यांपेक्षा आधी उमगलं होतं. ऑग्सबुर्गला ९४ व्या मिनिटाला मिळालेले दोन जादा गुण आणि १० फेब्रुवारीला बायर्नला ३-० ने हरवून मिळालेले गुण, तालिकेत त्यांचा रंग वेगळा दिसत नाही.

त्या ३-० मधला पहिला गोल जोसिप स्टानिशिचचा. हा मुलगा मुळात बायर्नचा. वर्षभरासाठी उसना दिलेला! मामाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खळखळून हसला.

१४ एप्रिलला, २९ व्याच फेरीत, ब्रेमेनला ५-० ने हरवून लेव्हरकुसेन विजेता झाला. फ्लोरियान व्हिर्ट्झने हॅट्ट्रिक केली आणि सामना पुरता संपण्याआधीच लोक मैदानात घुसले. सगळ्या स्पर्धा मिळून ते ५१ सामने अपराजित राहिले. ती मालिका २२ मे रोजी डब्लिनमध्ये युरोपा लीगच्या फायनलला इटलीच्या अतालांता क्लबने मोडली, ३-० ने.

पायरी ६: मैदानावर टेनिसचे चेंडू का पडतात ते समजून घ्या

त्याच हंगामाची जुनी क्षणचित्रं पाहाल तर डिसेंबर ते फेब्रुवारीमधल्या सामन्यांत खेळ अचानक थांबतो आणि स्टँडमधून टेनिसचे चेंडू, चॉकलेटची नाणी मैदानात पडताना दिसतात. जर्मनीत एक नियम आहे, पन्नास अधिक एक. क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांकडेच राहिली पाहिजेत, पैसेवाला गुंतवणूकदार मालक होऊन बसू शकत नाही. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे जुने कंपनीचे क्लब त्याला अपवाद. लीगने आपल्या प्रक्षेपणाच्या कमाईतला वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकायचं ठरवलं, आणि चाहत्यांनी आठवड्यामागून आठवडे सामने रोखून धरले. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने तो बेत सोडून दिला. तिकिटं अजून परवडतात, उभं राहून पाहायची जागा साधारण १५ ते २० युरोंत मिळते आणि स्टेडियम भरलेली असतात, त्यामागे ही दांडगाई आहे.

पायरी ७: जर्मनीत असाल तर एकदा स्टँडमध्ये जा

ही पायरी तिकडे नव्याने गेलेल्यांसाठी. लोकप्रिय क्लबांची तिकिटं आधी सभासदांना मिळतात, म्हणून वर्षाची सभासद वर्गणी भरणं बहुधा फायद्याचं पडतं. ते नको असेल तर तळाच्या संघांतला सामना निवडा किंवा दुसऱ्या श्रेणीचा पाहा, तिथेही गर्दी कमी नसते. मोठी पाठपिशवी नेऊ नका, बहुतेक ठिकाणी ए-४ कागदाच्या आकाराची छोटी पिशवीच आत सोडतात. अनेक क्लबांच्या तिकिटावर त्या दिवशीचा शहरातला रेल्वे-बस प्रवास फुकट असतो, तिकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. पेयाच्या ग्लासाची अनामत भरावी लागते आणि ग्लास परत केला की पैसे परत. आतेभावाने पहिल्या सामन्याला ग्लास आठवण म्हणून घरी आणला. दुसऱ्या सामन्यापर्यंत त्याला हिशेब कळला होता.

उभ्याच्या जागेत गेलात तर गाणं येत नसलं तरी टाळ्या वाजवा. यजमानांच्या बाजूला पाहुण्या संघाचा मफलर घालून जाऊ नका. आणि गोलच्या पाठीमागच्या ढोलवाल्यांच्या मधोमध मोबाइल वर धरून चित्रीकरण करत उभे राहू नका. कुणी मारत नाही, पण नजरा पुरतात.

पायरी ८: शेवटचा शनिवार, दोन पडद्यांवर

३४ व्या फेरीचे नऊही सामने एकाच वेळी सुरू होतात. कुणाला दुसऱ्याचा निकाल पाहून खेळता येऊ नये म्हणून. त्या दिवशी टीव्हीवर एक सामना लावा आणि फोनवर बदलती तालिका उघडी ठेवा. तालिकाच जास्त थरारक असते.

१८ मे २०२४ चा खालचा भाग बघा. सकाळी बोखुम ३३ गुणांवर चौदावा, माइन्झ ३२, युनियन बर्लिन ३०, कोलोन २७, आणि डार्मस्टाट कधीच बुडालेला. बोखुमला ब्रेमेनमध्ये एक बरोबरी पुरली असती. ते १-४ ने हरले. माइन्झने वोल्फ्सबुर्गला ३-१ ने हरवून स्वतःला सोडवलं. कोलोन हायडेनहाइममध्ये १-४ ने हरून खाली गेलं. राहिला युनियन. फ्रायबुर्गविरुद्ध १-१, भरपाई वेळ सुरू, पेनल्टी मिळाली आणि ती वाया गेली. पण परत आलेला चेंडू यानिक हाबररने जाळ्यात ढकलला. युनियन ३३, बोखुम ३३. गोलफरक उणे २५ विरुद्ध उणे ३२. सकाळचा चौदावा संध्याकाळी सोळावा झाला होता.

वरच्या बाजूलाही त्याच दीड तासात उलटापालट झाली. बायर्न हॉफेनहाइममध्ये २-० ने पुढे होता, तो २-४ ने हरला. स्टुटगार्टने ग्लाडबाखला ४-० ने उडवलं आणि एका गुणाने दुसरं स्थान घेतलं. वर्षभरापूर्वी हाच संघ सोळावा होता. आतेभावाचा फोन आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं.

आता राहिलेली गोष्ट. जर्मनीत "रेलेगात्सिओन" हा शब्द ऐकलात तर फसू नका. इंग्रजीतल्या शब्दासारखा वाटतो, पण त्याचा अर्थ खाली जाणं असा नाही. वरच्या श्रेणीतला १६ वा आणि दुसऱ्या श्रेणीतला ३ रा यांच्यातल्या दोन सामन्यांना ते नाव आहे. एक इथे, एक तिथे, गोलांची बेरीज, जिंकेल तो वरच्या श्रेणीत. स्टुटगार्ट २०२३ मध्ये हाम्बुर्गला हरवून इथूनच वाचला होता.

मामाला हवी होती तशी फायनल इथे मिळते, फक्त ती सोळाव्या क्रमांकासाठी असते. २०२४ च्या त्या पहिल्या सामन्यात बोखुम आपल्याच मैदानावर ड्युसेलडॉर्फकडून ०-३ ने हरला. चार दिवसांनी, २७ मे रोजी, ड्युसेलडॉर्फचे लोक अव्वल श्रेणीत परतण्याचा उत्सव करायलाच स्टेडियमवर आले होते. बोखुमने तिथे जाऊन ३-० केलं. बेरीज ३-३, जादा वेळेतही काही झालं नाही, मग पेनल्ट्या. ६-५. ड्युसेलडॉर्फची शेवटची पेनल्टी बारवरून गेली. मामा तोपर्यंत उठून टीव्हीच्या अगदी जवळ उभा होता आणि मला काही दिसत नव्हतं.

यानंतर जूनमध्ये विश्रांती घ्या. महिनाअखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला नवं वेळापत्रक जाहीर होतं. त्यात आधी पहिली फेरी शोधा, मग चौतिसावी. त्या शनिवारी कुणाचं लग्न ठरू नये म्हणून घरात तारीख लवकर सांगून ठेवा.